अंगठ्याखालची नाडी

बाई, काल तुमचा दहावा झाला. नीरेच्या काठावर पिंड ठेवून आम्ही मागं सरलो न सरलो, तोच कावळा आला. आधीपासून वाटच बघत बसला असावा. एक चोच मारली, शीत उचललं आणि गेला. बायका म्हणाल्या, "सुटल्या बाई. मागं काय इच्छा राहिली न्हवती." सगळ्यांना बरं वाटलं. मला राग आला. माझी समजूत होती की तुमचा कावळा अडून बसणार, लोक ताटकळणार, शेवटी दर्भाचा कावळा करायची वेळ येणार. तुम्ही माझ्यापाशी एक वाक्य अर्धं टाकून गेला आहात. त्या वाक्यासाठी तरी थोडं अडायला हवं होतं की नको? तुमचं काही राहिलं नसेल, माझं राहिलंय.

घाटावर दत्ता आला होता. विंझरच्या वरच्या वाडीतले आपले पेशंट आबा, त्यांचा दत्ता. केस पांढरे झालेत, पण मान खाली घालून उभं राहायची पद्धत तीच. मला बाजूला घेऊन त्यानं हळूच विचारलं, "लेक पोचली व्हती न्हवं येळेवर? बाईस्नी लेकीच्या हातचं पाणी मिळालं न्हवं?"

मी म्हटलं, "पोचली."

त्यानं नदीकडं बघून हात जोडले आणि म्हणाला, "बाईंनी लई केलं माज्यासाठी." काय केलं, ते मी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही. तेव्हापासून डोकं नुसतं भणभणतंय आणि भांडायला तुम्ही नाही, म्हणून हे लिहितेय.

मी तुमच्या हाताखाली नर्स म्हणून नवी लागले तेव्हा तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात चारचौघांत झापलं होतंत. अंगणवाडीत लसीकरण होतं. एक पोरगं भोकाड पसरून बसलेलं. मी त्याला चुचकारत म्हटलं, काही नाही रे, मुंगी चावते तेवढंच. तुम्ही हातातलं काम थांबवलंत. "मुंगी नाही ती, सुई आहे. त्याला सांग दुखणार आहे. रडावंसं वाटलं तर रड म्हण." मी लाजेनं लाल. सांगितलं तसं. पोरगं दुप्पट रडलं. मी तुमच्याकडं विजयी नजरेनं बघितलं, तर तुम्ही म्हणालात, "रडू दे. पुढच्या वेळी पळून तर जाणार नाही." पुढच्या वेळी ते पळालंच, थेट ओढ्यापर्यंत. मी म्हटलं, आता? तुम्ही शांतपणे म्हणालात, "ते सुईला भिऊन पळालं, आपल्या खोटेपणाला नाही." तुमच्याशी बोलण्यात कुणी जिंकलंय असं मी कधी बघितलं नाही.

नाडी बघायलाही तुम्हीच शिकवलंत. तसं कॉलेजात शिकवलं होतं, पण ते परीक्षेपुरतं. तुम्ही माझा हात धरून तीन बोटं जागेवर ठेवलीत आणि म्हणालात, "अंगठा कधीही नाही. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. तो ठेवलास की तुझीच नाडी तुला लागते आणि वाटतं पेशंटची आहे. माणूस गेलेला असतो आणि आपण म्हणतो आहे, आहे." वैशू तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. शाळा सुटली की तुमची ही लेक आरोग्य केंद्रात येऊन बसायची आणि दिसेल त्याची नाडी बघायची. शिपायाची, बाळंतिणीची, औषधाला आलेल्या म्हाताऱ्यांची. घाईत माझा अंगठा चुकून टेकला, की हातावर चापट मारायची. "रंजूताई, अंगठा नाही!" तुम्ही हसायचात. मला भयंकर राग यायचा तिचा.

माझ्या लग्नाच्या वेळचं तर तुम्हाला आठवत असेलच. कामथडीचं स्थळ. माझ्या सासऱ्यांनी रीतसर तुमच्याकडं चौकशी केली, पोरगी कशी आहे. कुणीही शहाणं माणूस म्हणेल, सोन्यासारखी आहे. तुम्ही म्हणालात, "कामाला चोख आहे. मनानं चांगली आहे. तापट आहे. स्वयंपाक जेमतेम." घरी आई कपाळ बडवून घेत होती. पंधरा दिवस तिकडून निरोप नाही. मी तुमच्याशी बोलणं टाकलं. आणि मग होकार आला. सासरे म्हणाले, जी बाई पोरीचा दोष सांगते तिनं सांगितलेले गुण खरे असणार. आमचे हे अजूनही भाजीत मीठ कमी पडलं की "बाईंनी सांगितलं होतं" म्हणतात. परवाही म्हणाले, आणि मिठाकडं नेलेला हात तसाच मागं घेतला. आम्ही दोघं तसेच जेवलो.

आणि सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तुम्ही आला होतात. कुशीवर वळवायच्या आधी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालात, "आई, आता डावीकडं वळवतीये बरं का." मी म्हटलं, बाई, त्यांना काही ऐकू येत नाही. तुम्ही म्हणालात, "नसेल येत. पण न विचारता माणसाला हलवायचं नाही. ते काय पोतं आहे?" मला तेव्हा ते फार मोठं वगैरे वाटलं नव्हतं. आता मी नव्या पोरींना तेच सांगते, तुमच्याच आवाजात, आणि त्या मागं माझी नक्कल करतात.

म्हणूनच बाई, आबांच्या घरी जे झालं ते मला कधीच बसवता आलं नाही. तुमच्या कुठल्याच कप्प्यात ते बसत नाही.

पुण्याच्या दवाखान्यातून आबांना घरी न्या म्हणून सांगितलं होतं. आपण दोघी पाठीच्या जखमा धुवायला वाडीवर जायचो. दत्ता एकुलता एक. बापाशी भांडून घर सोडलेला, किकवीला टेम्पोवर होता. बापलेकांचं वर्षानुवर्षं तोंड नव्हतं. आबा बोलायचे बंद झाले होते, पण दाराशी सावली हलली की डोळे तिकडं जायचे. त्या दुपारी त्याला निरोप गेला होता. आजी, म्हणजे दत्ताची आई, उशाशी फुलपात्रात पाणी आणि तुळशीचं पान घेऊन बसली होती. कुणाला हात लावू देत नव्हती. "दत्ताच्या हातचंच पाणी जाईल यांच्या पोटात. न्हाईतर जीव अडकंल वो बाई." तुम्ही ओल्या कापसानं आबांचे ओठ पुसलेत, तेही आजीला सांगून, "पाजत न्हाई आजी, नुस्तं वलं करतीये." तिथंसुद्धा खोटं बोलला नाहीत.

आणि मग आबांची छाती हलायची थांबली. मी बघितलं. तुमची तीन बोटं मनगटावर गेली, मग गळ्याशी गेली. मग तुम्ही माझ्याकडं बघितलंत. ती नजर मला नीट कळली होती, बाई. आबा गेले होते.

खाली मोटारसायकलचा आवाज आला. आजीनं विचारलं, "बाई? हायेत न्हवं?"

तुमचा हात परत मनगटावर गेला. मी समोरच बसले होते. तुम्ही अंगठा ठेवला होतात.

"हायेत आजी," तुम्ही म्हणालात. "येऊ द्या त्याला."

दत्ता चपलांसकट आत आला. बापाच्या पायाशी कोसळला आणि काहीबाही बोलायला लागला, माफी आणि शिव्या एकातच. तुम्ही म्हणालात, "ते मागनं बोल. आधी पाणी घाल." त्यानं पाणी घातलं. ते ओठांच्या कडेनं परत बाहेर आलं. कुणाच्या नजरेला पडायच्या आत तुम्ही पदरानं टिपलंत. मग थोडं थांबलात आणि म्हणालात, "गेले." आजी रडली, पण त्या रडण्यात काहीतरी मोकळं होतं. दत्ता तर बापाचा हात सोडायला तयार नव्हता.

उतरताना मी तुम्हाला गाठलं. "बाई, आबा आधीच गेले होते."

"एसटी चुकेल, चल."

"अंगठा ठेवला होतात तुम्ही."

तुम्ही एसटीत खिडकीपाशी बसून गुंजवणीच्या पाण्याकडं बघत राहिलात.

इथून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं सोपं होतं. पोराला सुई दुखेल म्हणून सांगायचं, आणि बाप मेलेला असताना पोराला जिवंत आहे म्हणायचं? मग नियम कशासाठी? एकदा नसरापूरला मिसळ खाताना मी हे जरा जोरातच म्हटलं, तर शेजारच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. तुम्ही म्हणालात, "ज्यात बोलणाऱ्याचा फायदा असतो ते खोटं. माझा त्यात काय फायदा होता?" मला ते पटलंसुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच माझ्या टेबलाशी येऊन म्हणालात, "काल मी बोलले ते चूक. माझा फायदा होता. त्या पोराचं आणि म्हातारीचं ते रडणं मला बघवलं नसतं. मी माझ्यासाठी केलं." आणि निघून गेलात. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी शिव्या द्यायला जावं आणि तुम्ही माझ्याहून कडक शिवी स्वतःला देऊन मोकळ्या.

निवृत्तीनंतर तुम्ही भोरला राहायला गेलात. मी सुट्टीला आले की हाच विषय. एकदा म्हणालात, दत्ता बाजारात भेटला होता. भर रस्त्यात पाया पडला आणि लोकांना सांगायला लागला, "माज्या बापानं माज्या हातचं पाणी पिऊन डोळं मिटलं, या बाईंच्या समोर." तुम्ही भाजी न घेताच घरी आलात. त्या दिवशी जेवला नाहीत. "त्याला सांगून टाकावं का गं, रंजना?" तुम्ही मला विचारलंत. तुम्ही, मला! मी म्हटलं, आता सांगितलंत तर त्याचा बाप परत मरेल, आणि ह्या वेळी तहानलेला मरेल. तुम्ही म्हणालात, "आणि नाही सांगितलं तर तो पाया पडत राहणार आणि मी ते फुकटचं घेत राहणार." आयुष्यभर तुमच्याविरुद्ध जी बाजू लावून धरली, तीच सोडून मी तुमची वकिली करत होते, आणि तुम्ही माझी बाजू घेतली होतीत. चहा निवून गेला.

मग तुमचं दुखणं. मी रजा टाकून आले, वैशू पुण्याहून शनिवार-रविवारी यायला लागली. पुण्याच्या दवाखान्यात परत जायचं नाही म्हणून तुम्ही हटून बसलात. तुम्हाला उगाच बरं वाटेल असं कुणी बोललेलं खपत नव्हतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आज चेहरा कसा टवटवीत दिसतोय," तर तुम्ही म्हणालात, "सूज आहे ती." मी स्वयंपाकघरात जाऊन हसले आणि मग रडलेही.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी तुमचे केस विंचरत होते. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "रंजना, वैशूला यायला उशीर झाला, तर तू..."

आणि काकू पेज घेऊन आल्या. पेज, मग तुमचा खोकला, मग औषध. तासाभरानं मी विचारलं, "बाई, काय सांगत होतात? उशीर झाला तर काय?"

तुम्ही माझ्याकडं बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "काही नाही. खिडकी लाव, ऊन येतंय."

मी ते वाक्य रोज पुरं करून बघते, बाई. उशीर झाला तर तू तिला खरं सांग. उशीर झाला तर तू मी केलं तसं कर. दोन्ही तुमच्या तोंडी शोभतात. कधी वाटतं, तुम्हाला एवढंच म्हणायचं असेल की उशीर झाला तर तू जेवून घे. ते तर सगळ्यात जास्त शोभतं. पण मग खिडकी लाव का म्हणालात? आणि एवढा वेळ बघितलंत का? तुमचं ठरलेलं होतं आणि मला सांगायचं नव्हतं, की तुमचंच शेवटपर्यंत ठरलं नव्हतं? माणसानं एकतर बोलू नये, नाहीतर पुरं बोलावं. हे तुम्हीच मला शिकवलेलं.

तुम्ही गेलात त्या सकाळी श्वास बदललेला मला आधी कळला. मी वैशूला फोन लावला. ती निघालेलीच होती. मग तिचा फोन आला, "ताई, कामथडीपाशी अडकलेय. पुढं काहीतरी उलटलंय, गाड्या हलत नाहीत. आईला सांग मी येतेय." मी तुमच्या कानाशी वाकून सांगितलं, "बाई, वैशू येतेय, कामथडीला पोचली." तुमच्या भुवया जरा हलल्या. हललेल्याच, मी बघितलं.

काकूंनी फुलपात्र भरून आणलं, तुळशीचं पान आणलं. म्हणाल्या, तूच घाल गं पाणी, तू काय परकी आहेस? मी नको म्हटलं. ओल्या कापसानं ओठ मात्र पुसत राहिले. तेही तुम्हाला सांगून.

वैशू गल्लीच्या तोंडाशी आली असेल नसेल, तेव्हा तुम्ही गेलात. त्यात काही शंका नाही. मी तीन बोटं मनगटावर ठेवून बसले होते, ती नाडी बारीक होत होत सुताएवढी झाली आणि मग माझ्या बोटांखाली नुसती कातडी उरली. मी गळ्याशी बघितलं. परत मनगटाशी बघितलं. एवढी वर्षं मी हे काम करतेय, मला कळतं.

जिन्यात चपलांचा आवाज आला. आणि बाई, मी शपथेवर सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. मी तर तुमच्याशी याच गोष्टीवरून जन्मभर भांडलेली बाई. पण माझा हात आपसूक फिरला आणि अंगठा तुमच्या मनगटावर जाऊन बसला. लगेच लागली. जोरात, धाडधाड. आणि मला एक क्षणभर खरंच वाटलं की तुम्ही आहात. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, तुम्हालाही आबांच्या वेळी असंच वाटलं असेल का? तुम्ही खोटं बोलला होतात, की तेवढा क्षण तुमचाही विश्वास बसला होता? हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. मी नुसतीच फिर्याद करत राहिले.

वैशू दारात उभी. घामानं निथळत होती. "ताई, आहे का गं?"

"आहे," मी म्हटलं. "ये, पाणी घाल."

ती उशाशी बसली. फुलपात्र उचललं, तुळशीचं पान बुडवलं. आणि तिची नजर माझ्या हातावर गेली. अंगठ्यावर. तिथंच थांबली.

दुसरी-तिसरीतली पोरगी होती ती, माझ्या हातावर चापट मारणारी. मला वाटलं, आता मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग तुमच्याकडं बघितलं. तुमच्या ओठांत पाणी घातलं आणि म्हणाली, "आई, पाणी पी." ते कडेनं बाहेर आलं, ते तिनं स्वतःच्या ओढणीनं टिपलं. अजून एकदा घातलं. काकू दाराशी डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. मग वैशूनं तुमचं मनगट माझ्या हातातून काढून आपल्या हातात घेतलं आणि सावकाश, मला दिसेल असा, स्वतःचा अंगठा त्यावर ठेवला.

"हो ताई," ती म्हणाली. "आहे अजून."

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. गेली, असं आधी कुणी म्हणायचं ते आम्हाला ठरवता येत नव्हतं.